वरची कोथिंबीर

पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या वर्गात
आयवन अमोलिकने विचारलं, "सर, कृपा म्हणजे काय?"
मी पुस्तकातलं उत्तर दिलं:
लायकी न बघता देवाने दिलेलं दान, वगैरे.
तो गुडघ्यावरची खपली काढत राहिला.

बत्तीस वर्षं मी नोटांच्या प्रेसमध्ये होतो,
तपासणीच्या टेबलावर.
शाई जरा सरकली, कड जरा तिरकी,
की लाल पेन्सिलीची खूण.
खुणेचा गठ्ठा, गठ्ठ्याचा भुसा.
हात इतका सरावला की घरीसुद्धा
पोळीचा काठ, पोरीची बेरीज,
धाकट्याने परस्पर ठरवलेलं लग्न,
खुणा करत गेलो.
धाकट्याशी, शांतवनशी, एकोणीस वर्षं बोललो नाही.
मिस्सा एकही चुकवली नाही;
फक्त क्षमेच्या ओळीला नेमका खोकला यायचा.

परवा जेल रोडच्या बाजारात
गयाबाईने वांगी तोलली. काटा सरळ झाला.
आणि काटा सरळ झाल्यावर
तिने मूठभर कोथिंबीर वर टाकली.
आदल्याच दिवशी मी तिच्याशी
दोन रुपयांवरून भांडलो होतो.
"ह्याचे किती?"
"त्याचे कुठं असतात, बाबा?" म्हणाली,
आणि पुढच्या गिऱ्हाईकाकडे वळली.

पिशवी घेऊन चर्चच्या पायरीवर टेकलो.
बाळ येशूची यात्रा होऊन आठवडा झालेला.
फरशीवर थिजलेलं मेण
सिस्टर पावलिना उलथन्याने खरवडत होत्या;
वितळवून नव्या वाती घालायच्या, म्हणाल्या.
कुणाचं मूल, कुणाची नोकरी, कुणाचा मूतखडा,
सगळे नवस एका तेलाच्या डब्यात.
निवडायला कुणी बसलेलं नव्हतं.

उजेडबिजेड काही दिसला नाही.
स्टेशनाकडून मालगाडी गेली, पायरी थरथरली, इतकंच.
मी फोन काढला.
नंबर बायकोने केव्हाच घालून ठेवलेला,
'शांतवन भावजी' म्हणून,
मला न विचारता.

"कोण?"
ह्या प्रश्नाची तयारी नव्हती.
म्हणालो, "वांगी घेतली. कोथिंबीर फुकट मिळाली."
पलीकडे कुकरची शिट्टी, कुणाचं तरी पोर,
आणि बराच वेळ काही नाही.

मग म्हणाला, "गावठी आहे का?"

मी जुडी नाकाशी धरली.