डाव्या बाजूचा आतला खिसा

शारजात, रोल्याच्या मागच्या गल्लीत,
मोबाईलवाल्या मलबाऱ्याच्या डोक्यावर माझं दुकान.
पाटी अरबीत. तिच्याखाली मी खडूने लिहिलंय :
खवणेकर, अल्टरेशन.
दुपारी गिऱ्हाईक नसतं. एसीचं पाणी बादलीत
ठिबकत राहतं आणि मी काजं करत बसतो.

तो येतो रमजानच्या आधी, वर्षातून एकदा.
त्याच्या आधी दोन पोरं येतात,
पडद्यामागे बघतात, इस्त्रीच्या टेबलाखाली बघतात,
माझी कात्री उचलून खिडकीत ठेवतात,
अगदी अदबीने, अंकल म्हणत.
मग तो, धापा टाकत.
"काय रे खवणेकरा, चतुर्थीक गेल्लंस काय?"

कोट काय, इथे कोणीही शिवेल.
मालवणी बोलायला येत असावा.

टेप मी त्याच्या गळ्याभोवती घेतो.
साडेसोळा.
दोन बोटं ढिल सोडायची, उस्तादाने शिकवलेलं.
माझी दोन बोटं टेप आणि गळा यांच्यामध्ये,
त्यांना त्याची नाडी लागते.
पोरं मोबाईलमध्ये क्रिकेट बघत असतात.

वहीत सगळं आहे, नाव सोडून.
अठ्ठ्याण्णव : छाती बेचाळीस, कंबर चौतीस.
दोन हजार नऊ : कंबर एक्केचाळीस, पोट वेगळं लिहिलंय.
यंदा छाती एकोणचाळीस,
डावा खांदा अर्धा इंच उतरलेला.
पोलिसांकडे त्याचा तरुणपणीचा फोटो आहे म्हणतात.

माझा मेव्हणा वामन. भांडुपला हार्डवेअरचं दुकान.
सत्त्याण्णवला दुकानात फोन आला, लांबचा, खरखरता :
दोन पेट्या पाठव.
वामनने विचारलं, कसल्या? लोखंडी की प्लायच्या?
पलीकडे दोघंतिघं हसले.
त्याला खरंच माहीत नव्हतं हो.
आमच्या घरात पेटी म्हणजे आईची, पत्र्याची,
झाकणावर गुलाब, आत शालू आणि डांबरगोळ्या.
सुपारी लग्न ठरल्यावर फुटायची.
हप्ता होता शिलाई मशीनचा, महिना एकशे दहा,
तोही आम्ही कधी चुकवला नाही.
हे शब्द कोणी, कधी उचलून नेले
आणि रक्ताने बरबटून परत आणून ठेवले,
आम्हाला कळलंच नाही.

तिसऱ्या आठवड्यात वामन पाव किलो खिळे तोलत होता.
गिऱ्हाईकाने पैसे दिले नाहीत.
तराजूचं एक पारडं बराच वेळ हलत होतं,
असं समोरचा पानवाला सांगायचा,
पुढे तोही सांगेनासा झाला.

बहिणीला फोनमधलं एकच वाक्य आठवतं.
वामन तिला म्हणाला होता, माणूस आपल्याकडचा वाटतो,
पेट्यांच्या आधी विचारलं त्याने,
चतुर्थीक गेल्लंस काय?

अर्धं भांडुप हेच विचारतं.
अर्धा सिंधुदुर्ग हेच विचारतो.
हे मी स्वतःला सांगतो, दरवर्षी, टेप गुंडाळताना.

त्याची मागणी एकच : डाव्या बाजूचा आतला खिसा,
सात इंच खोल, दुहेरी कापड, तोंड तिरकं,
हात सरळ आत गेला पाहिजे.
गेल्या साली बटणासाठी कोट ठेवून गेला,
तेव्हा मी हात घातला.
विमानातल्या साखरेच्या पुड्या निघाल्या, नऊ.
एक फुटलेली. बोटं चिकट झाली,
आणि मी ती, का कोण जाणे, चाटली.

तो शिलाईच्या तिप्पट ठेवून जातो, मोजत नाही.
ते पैसे मी भांडुपला पाठवतो.
"यंदा जास्त कसे रे?" बहीण विचारते.
ओव्हरटाईम, मी म्हणतो.
तिने त्यातूनच मुलीचं नर्सिंग पुरं केलं.
दुकानाचं शटर बदललं.

काल ट्रायलला आला.
आरशासमोर उभा राहिला, खिशात हात घालून बघितला,
दोनदा, तीनदा, पूर्वीसारखा झटकन.
तिसऱ्यांदा हात अस्तरात अडकला. मी सोडवला.
शेवटचं बटण लावलं आणि विचारलं,
गळ्याला घट्ट नाही ना होत?
"नाय," तो म्हणाला, "बरोबर हा."
पोराने खिडकीतली कात्री
आणून माझ्या हातात दिली.