पहिली वेलांटी, दुसरी वेलांटी

दांडिया बाजारातल्या छापखान्यात
छत्तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या चुका वाचल्या.
लग्नपत्रिका, पतपेढीचे अहवाल,
एका निधनवार्तेतला 'दुःखद'चा विसर्ग तर
रात्री सायकलनं परत जाऊन बसवून आलो होतो.

मग साखर डोळ्यांत उतरली.
मधला मजकूर आधी गेला.
एक उन्हाळाभर मला जगाचे
नुसते समास दिसत होते.

जुन्या फोनच्या पाचावर एक बारीक टिंब असायचं,
अंगठ्याला ते पाठ होतं.
या नव्यावर काहीच नाही.
काच.
घाटावर उभं राहून सुरसागरच्या पाण्यावर
नाव लिहायला सांगावं, तसं.

केतकी शितोळे शनिवारी शिकवायला यायची,
सलाटवाड्याहून, काठी टेकत, जन्मापासूनची सराईत.
"काका, एक बोट फिरवत राहा,
हवं ते ऐकू आलं की दोनदा टिचकी."
पहिल्याच दिवशी तिनं पडदा काळा करून टाकला.
"बॅटरी वाचते. आपल्याला काय करायचाय उजेड?"

तिचा फोन इतका भरधाव बोलायचा
की फोडणीत मोहरी तडतडावी.
सिटी बसमध्ये शेजारच्याला
तिचं एकही पत्र चोरून वाचता येत नसे.

माझी बाई मात्र सावकाश, आणि हिंदी वळणाची.
तिला 'ळ' म्हणून काही असतं हेच माहीत नाही.
केळी केली झाली, बाळ बाल झालं,
शितोळ्यांचे शितोले.
मी मोठ्यानं दुरुस्त करायचो,
भिंतीपलीकडून पटेलबेन विचारायच्या, "कोण आव्युं?"

बँकेत शिरलो तर: बटण. बटण. नाव नसलेलं बटण.
सबंध पानभर शब्द गाळून ठेवणारा कंपोझिटर
आमच्याकडे दुपारपर्यंतही टिकला नसता.
आणि ते सहा आकडे, ऐकून टिपेस्तोवर शिळे होणारे.

मग एकदा तिनं अक्षर-अक्षर चालायला शिकवलं.
'दिन' आणि 'दीन', कानाला जुळे,
पण बोट पुढं सरकलं तशी बाई म्हणाली,
"छोटी इ की मात्रा."
आणि पुढच्या शब्दात, "बडी ई की मात्रा."
मी खुर्चीत सरळ बसलो.
खिशातल्या लाल पेनाकडे हात गेला होता,
पेन नव्हतं.

"काका, वेलांटी दिसते कशी?"
तिच्या तळहातावर काढून दाखवली.
"पहिली अक्षराच्या आधी उभी राहते,
उच्चार मात्र मागाहून."
ती बराच वेळ मूठ मिटून होती.
"म्हणजे तुम्हा डोळसांचं सगळं उलटंच?"
"तेवढ्यापुरतं," मी म्हणालो,
आणि मला अजून डोळसांत मोजलं
याचं काय करावं ते सुचेना.

मार्गशीर्षात तिच्या लग्नाची पत्रिका आली.
"चित्र," बाई म्हणाली, आणि गप्प.
छापखान्यात फोन केला, छापू नकोस, मजकूर पाठव.
नवा पोरगा चाचरला, "पण काका, तुम्ही कसं..."
"पाठव."

रात्री साडेअकरापर्यंत एकेक अक्षर.
'आशीर्वाद'ला छोटी इ. ठरलेलीच.
मुहूर्ताचा रफार जागेवर.
आणि आडनावाशी आलो. शितोले, बाई म्हणाली.
मागं गेलो, पुन्हा आलो. ल.
आता ही चूक बाईची की पोराची?
बाईच्या तोंडी दोन्ही सारखेच.

केतकीला उठवलं. तिच्याकडे ती पट्टी आहे,
बोटांखाली टिंबं वर येणारी.
मजकूर पाठवला. थांबलो.
तिकडे कूलर नाही, पंखा नाही, थंडीतली शांतता.

"एक, दोन, तीन," ती म्हणाली.
"'ळ' असता तर चार, पाच, सहा."
मग हसायला लागली.
"काका, लग्नाआधीच माझं आडनाव बदललं यांनी!"

म्हणजे बाईचं बरोबर होतं.
पहिल्यांदाच.