गुंज

गुजरीत बापूंच्या पेढीवर गुंजांची डबी असते अजून.
वजनच खोटं असलं
तर काटा इमानी असून काय करायचंय, म्हणतात.

मी पंचगंगेचं पाणी मोजते.
बाटली भरायला उतरताना
रेनकोट नाही, हाताला क्रीम नाही;
नाहीतर आपल्याच अंगावरचं पाण्यात उतरतं
आणि आळ नदीवर.

मशीन आकडा देतं.
मशीन काय, नेहमीच आकडा देतं.

म्हणून फ्रीजमधली ती करंगळीएवढी कुपी,
दोन महिने कस्टममध्ये अडकून आलेली.
आत कुठलं पीफास, किती, आधीच ठाऊक.
सोबतच्या कागदावर आकडा
आणि आकड्यापुढे अधिक-उणे:
आपल्याला किती कळत नाही, तेही मोजून लिहिलेलं.
असं बोलणारं माणूस
मला शिरोळपासून शाहूवाडीपर्यंत भेटलेलं नाही.

आज आधी कुपी लावली. बरोबर आली.
मग नदी.

"किती घावलं?" बापू विचारतात.
हजार टँकर पाण्यात एक गुंज, मी सांगते.
न कुजणारी. न विरणारी.

ते डबी उघडतात,
एक लाल दाणा चिमटीत धरून
बराच वेळ उजेडाकडे बघतात.

"तुझी ती कुपी," म्हणतात,
"ती कुणी पारखली?"