अंदाज

रुस्ताकच्या झऱ्यावर पहाटेच पोचलो.
म्हातारा खलफान पाण्यात पाय सोडून बसलेला.
मी थर्मामीटर बुडवला: पंचेचाळीस.
त्यानं नुसता अंगठा बुडवून मान हलवली,
म्हणजे तेवढंच.
दगडावरचा बुळबुळीत थर खरवडून
दोन बाटल्या भरल्या.
"चिखल नेतोस?"
"बिऱ्हाड नेतोय," मी मोडक्या अरबीत म्हणालो.
काय कळलं कोण जाणे, हसला मात्र.

प्रयोगशाळेत एसी अठरावर,
अंगात स्वेटर,
आणि मी जिवाणूंसाठी धग राखत बसलेला:
पन्नास, पंचावन्न, साठ.
सामू सात, साडेसात, आठ.
एका वेळी एकच गोष्ट बदलायची,
बाकीच्यांनी जागचं हलायचं नाही.
विरजण दोन टक्के लावलं, मग तीन.
झुवैना वहीत आकडे मांडत राहिली,
आलेख काही उठून बसेना.

वाटलं, उपाशी असतील बिचारे.
ग्लुकोज घातलं, सढळ हातानं.
रातोरात माजले. फ्लास्क गढूळ, दाट.
विकर मात्र शून्य.
आयतं ताटात आल्यावर
स्टार्च फोडायला बसतंय कोण?

त्या शुक्रवारी कॅम्पच्या भटारखान्यात
शौकत हमदुले, आमच्या दापोलीकडचा,
दोनशे माणसांच्या भाताची पेज
मोरीत ओतायला निघाला होता.
"थांब, मला दे."
"पोट बिघडलं?"
"माझं नाही."
त्यानं सवयीनं वर मूठभर मीठ टाकलं, ढवळलं, दिली.
मीठ.
माझ्या तक्त्यात तो रकानाच नव्हता.

पेजेत अगर घालून बश्या ओतल्या.
छत्तीस तासांनी आयोडीन सोडलं:
सगळी बशी काळीनिळी झाली
आणि एकेका ठिपक्याभोवती
लख्ख, रुंद खळं,
चंद्राला पडतं तसं.
झुवैनानं पट्टी लावली. एकवीस मिलिमीटर.
काही न बोलता पुन्हा लावली.

आता अहवालाला आकडा हवा.
"मीठ किती घातलंस?"
"अंदाजानं."
"अंदाज म्हणजे किती?"
तो मुठीकडे असा बघायला लागला
जणू तिनं आजवर काहीतरी लपवून ठेवलंय.
वजनकाटाच घेऊन गेलो भटारखान्यात.
एकदा चाळीस ग्रॅम. दुसऱ्यांदा चाळीस.
तिसऱ्यांदा चाळीस.
चौथ्यांदा पन्नास भरली.
"ही जूनची," शौकत म्हणाला,
"घाम फार जातो ना पोरांचा."