मगर

शुक्रवारी भरणारं संडे स्कूल सुटलं
आणि घरी पोचेस्तोवर युद्ध पेटलं.
कारण एक हिरवी, हवा भरलेली मगर,
कुरमच्या समुद्रासाठी आणलेली,
जिच्या पाठीवर नेमकं एकच मूल मावतं.

ओबेद म्हणाला, माझी. तिर्सा म्हणाली, माझी.
मग कोणीतरी चावलं. मगर नव्हे.

त्यांची आई ड्युटीवर, रात्री आठपर्यंत.
घरात मी, एक एसी,
आणि शलमोन राजाची ती जुनी युक्ती.
मी स्वयंपाकघरातून सुरी आणली.
म्हटलं, ठीक आहे, अर्धी अर्धी करू.
आणि थांबलो,
की ज्याची माया खरी, तो आता ओरडेल, नको.

"काप," ओबेद म्हणाला.
"शेपटीकडून काप," तिर्सा म्हणाली.

राजाला असं कुणी म्हणालं नसणार.
मी सुरी धरून उभा. मगर हसत होती,
तिला तसंच छापलंय.

माझ्या वडिलांचा नियम होता, नगरच्या घरातला:
दिवस बुडायच्या आत राग बुडवायचा.
मनगटं धरून ते "क्षमा कर" म्हणायला लावत
आणि दादा आणि मी म्हणायचो, दात आवळून.
ती क्षमा अजून
दातांतच कुठेतरी अडकून आहे.

सुरी फ्रिजवर ठेवली. फरशीवर बसलो.
म्हटलं, काय झालं ते सांगा.
पण ओबेद, तू तिर्साची बाजू. तिर्सा, तू त्याची.
"मी" म्हणूनच सांगायचं.

बराच वेळ नुसता एसी बोलत होता.
मग तिर्सा, पायाच्या अंगठ्याकडे बघत,
"मी ओबेद. माझ्या वाढदिवसाला आई
नाइट ड्युटीवर होती. सकाळी ती मगर घेऊन आली.
मला वाटलं, माझ्यासाठीच आणली.
मी कुणाला बोललो नाही."

मलाही ठाऊक नव्हतं हे.
ओबेद गप्प. मग भराभर म्हणून टाकलं,
"मी तिर्सा. मला पोहता येत नाही.
मगर नसली की मी वाळूतच बसते,
आणि वाळू आवडते असं सांगते."

खिडकीत रुवीचे काळपट डोंगर.
"सूर्य गेला," तिर्सा एकदम घाबरली,
"आजोबांचा नियम मोडला."
"डोंगरामागे गेलाय फक्त," ओबेद म्हणाला,
"अजान होईस्तोवर वेळ आहे."

मग दोघांनी मगरीची हवा काढली,
एकाने झडप दाबून, एकीने पोटावर बसून.
मधेच त्याने तिच्या दंडावर,
आपल्याच दातांच्या खुणांवर, फुंकर घातली.
मी त्यांना प्रार्थनेला बसवणार होतो.
नाही बसवलं.

आठला आई आली. चपला काढता काढता,
"भांडलात का रे?"
"नाही," दोघं एका सुरात.

दिवसभरातलं त्यांचं पहिलं एकमत
आणि तेही धादांत खोटं.
सुरी अजून फ्रिजवरच होती.
मी तिच्यावर हळूच
चर्चचं पत्रक ठेवलं.