सेवापत्रक

काळ्या घोड्यामागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर
मी कागद दुरुस्त करते.
आज टेबलावर अर्सेनिये ब्राझिच,
सर्ब, घरंदाज, हुसार घोडदळाचा कप्तान.
डाव्या समासाला कसर लागलेली.
कुणा दारूखानावालांच्या पेटीतून मुंबईत आला.
जिवंतपणी इतका पूर्वेला कधी आला नव्हता.

जर्मन मला येत नाही.
सोबतच्या टिपणात लिहिलंय :
एकोणचाळीस. बेलग्रेड पडलं. बापामागून नदी ओलांडून बनातात.
(आमच्याकडे बनात म्हणजे कापड,
पलटणीच्या लाल कोटाचं.)
चव्वेचाळीस. ऱ्हाइनच्या काठी घोडा मेला,
स्वतःच्या पैशाचा. भरपाई नाही.
एकोणपन्नास. सनद.
सनदेत लांडगा आहे, तलवार आहे,
जमीन कुठेच नाही.
एक्कावन्न. सरहद्दीची फौज मोडली.
हुकूम : नांगर धरा, नाहीतर निघा.
बावन्न. निघाला.
दुसरी सम्राज्ञी, दुसरा कोट, बर्फ.

प्रत्येक यादीत नाव वेगळं :
ब्रासित्स, ब्राझित्श, एकदा नुसतंच ब्रास.
कारकुनाचा जसा कान, तसा माणूस.

खळ ढवळते. गव्हाची. गुठळी चालत नाही.

आमच्या घरी असा एकच कागद होता.
येसनाक, मुंबई पलटण,
शिपाई, नाईक, हवालदार, सुभेदार,
साहेबाच्या शाईत जेसनॅक.
सनद नव्हती, लांडगा नव्हता,
पेन्शन मात्र वेळेवर.
त्याचा पणतू भरतीला उभा राहिला तेव्हा
टेबलापलीकडून म्हणाले, तुमच्या जातीची भरती बंद.
छातीवर पणज्याचा बिल्ला लावून गेला होता तो.
परत येताना मुठीत.

पत्र्याच्या डब्यातला तो कागद
सव्वीस जुलैच्या पाण्यात गेला, कलिन्यात.
तेव्हा मला खळ करता येत नव्हती.

अर्सेनियेची शेवटची नोंद : अर्ज.
मुलाला पलटणीत घ्यावं, ही विनंती.
त्याखालचं उत्तर फाटलेलं.
तिथं मी कोरा कागद जोडते,
एक छटा फिका,
म्हणजे पाहणाऱ्याला कळावं, इथं काही होतं.
शब्द भरायचे नाहीत, असा नियम आहे.
नियमापाशी आज मी जरा जास्त वेळ थांबले.

गोदीचा भोंगा झाला.
कप्तानावर काच ठेवली, चार कोपऱ्यांना शिशाची वजनं.
सकाळपर्यंत हलायचं नाही,
मराठीतच सांगितलं त्याला.
हुकूम त्याला कुठल्याही भाषेत कळत असणार.