ठोक्याची किल्ली

मंगळवारी संध्याकाळी माझ्या बेकरीच्या माडीवर
सात-आठ माणसं कुलपं घेऊन बसतात.
चोर नव्हेत. एक टपालखात्यातला, एक दातांची डॉक्टर,
एक गलबतं रंगवणारा.
भाडं म्हणून उरलेले पाव संपवतात.
हार्लिंगनला हिवाळ्यात साडेचारलाच दिवा लावावा लागतो,
माणसानं करायचं तरी काय?

वीब्रन खिडकीशी. कुलूप चिमट्यात,
डाव्या हाताखाली ताणपट्टी, उजव्यात आकडा,
डोळे मिटलेले.
पाच पिना, पाचजणींचे पाच स्वभाव, तो म्हणतो.
तिसरी आधी रुसते. पहिली लगेच हो म्हणते
आणि ती खोटं बोलली होती हे शेवटी कळतं.
चाळीस मिनिटं. कधी दोन तास.
मग एक बारीक टिक्.
माझ्या भट्टीची घंटा त्याहून कितीतरी मोठी,
पण माना वर होतात त्या या टिक्‌ला.

नोव्हेंबरात युरे आला. वय एकोणीस.
खिशातून किल्ली काढली, करवतीसारखी, सगळे दाते एकसारखे,
आणि उलटा धरलेला स्क्रूड्रायव्हर.
ठक्.
ठक्.
वीब्रनचं कुलूप उघडलं.
माझी सुरी अजून लोण्यापर्यंत पोचली नव्हती.

टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत.
वीब्रननं कुलूप कानाशी नेलं,
पडलेल्या पोराला उचलून घ्यावं तसं.
"उघडलं," तो म्हणाला, "पण ओळख झाली नाही."
"दाराशी ओळख कशाला?" युरे म्हणाला, "आत जायचं असतं."

यावर महिनाभर वाद.
डॉक्टरीण युरेच्या बाजूची: उपटायचाच दात तर रेंगाळायचं कशाला?
टपालवाला म्हणे, ठोके खाल्लेली पिन पुन्हा सरळ वागत नाही,
शिवाय प्रत्येक घडणीच्या कुलपाला वेगळी किल्ली,
किती वागवशील खिशात?
एका महागड्या नव्या कुलपापुढे युरे ठोकून ठोकून घामाघूम झाला.
तेच कुलूप वीब्रनलाही उघडलं नाही,
फक्त त्याला घाम आला नाही.
मला विचाराल तर पीठ मळायला माझ्याकडे यंत्र आहे.
रविवारचा पाव मात्र हातानं.
का, ते विचारू नका.

मग जानेवारीतली ती पहाट.
युरे तेव्हा माझ्याकडे कामाला लागलेला.
शेजारच्या अंगणात वीब्रन, पायजम्यावर, बर्फात.
लाकडं आणायला गेला आणि आफ्केनं आतून दार लावून घेतलं.
कुठलं दार कशाचं, हे ती वर्षभर विसरत चालली होती.
खिडकीत धूर. चुलीवर दूध, दुधाखाली काळं भांडं,
आणि ती टेबलाशी बसून आम्हाला हात हलवत होती,
आम्ही पाहुणे असल्यासारखी.

त्याच्या हातात आकडा होता. कायम असतो.
आकडा भोकाभोवती नाचत राहिला.
पन्नास वर्षांचे हात, आणि पहिली पिनसुद्धा सापडेना.
युरे किल्ली घेऊन पुढे झाला.
"दे," वीब्रन म्हणाला.
थरथरत्या हाताला आकडा जमत नाही,
ठोका जमतो.
तीन ठोके. चौथ्याला दार.

पुढच्या मंगळवारी त्यानं तेच कुलूप दारातून काढून आणलं,
चिमट्यात धरलं, डोळे मिटले.
कुणी काही विचारलं नाही.
युरे शेजारी बसला, दिवा धरून,
मिटल्या डोळ्यांना दिवा कशाला लागतो कोण जाणे.
दीड तासानं हळूच म्हणाला, "काय म्हणते तिसरी?"

"बोलत नाही अजून," वीब्रन म्हणाला.
"थोडा पाव आहे का?"